एअर पंप बदलायचाय? आधी व्हॉल्व्ह तपासा

‘चेक इंजिन’चा दिवा लागला, पी०४१० असा कोड निघाला, गॅरेजवाल्याने एअर पंप बदलायचे भरभक्कम पैसे सांगितले. गाडी तर छान चालतेय. मग हा पंप घरी बदलता येईल का? की काढूनच टाकावा? अमेरिकेत जुनी गाडी वापरणाऱ्या मराठी वाचकांकडून हा प्रश्न वारंवार येतो, आणि स्मॉग चेकची, म्हणजे उत्सर्जन तपासणीची, तारीख जवळ आली की हमखास येतो.

थोडक्यात उत्तर असं: बऱ्याच गाड्यांत पंप घरी बदलता येतो, तो कायमचा काढून टाकता येत नाही, आणि जुना का गेला हे शोधल्याशिवाय बसवलेला नवा पंपही त्याच वाटेने जातो.

हा पंप करतो काय?

थंड इंजिन सुरू होताना त्याला पेट्रोल जास्त लागतं आणि त्यातलं काही न जळताच बाहेर पडतं. ते निपटायचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. पण तो साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. मधल्या मिनिट-दीड मिनिटात हा विजेवरचा पंप बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये फुंकतो. उरलेलं पेट्रोल तिथेच जळतं आणि कन्व्हर्टरही लवकर तापतो. मग पंप बंद होतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. उरलेल्या प्रवासात पंपाला काही काम नसतं, म्हणूनच तो बिघडला तरी गाडी चालवताना काही जाणवत नाही.

या यंत्रणेत पाच गोष्टी आहेत: पंप, त्याचा रिले, मोठा फ्यूज, हवेच्या नळ्या आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी बसलेला व्हॉल्व्ह. पाचवी गोष्ट लक्षात ठेवा. इंजिनाचा गरम, ओलसर धूर उलटा पंपाकडे येऊ नये हे बघणं त्याचंच काम.

तुमच्या गाडीत ही यंत्रणा आहे का, हे बॉनेट उघडून बघता येतं. आतल्या बाजूला उत्सर्जनाचं लेबल चिकटवलेलं असतं. त्यावरच्या संक्षिप्त नावांत ‘एआयआर’ असेल, तर गाडीत एअर पंप असायलाच हवा.

दिवा लागलाय, किती घाई करावी?

- दिवा स्थिर आहे, गाडी नेहमीसारखी चालते: रोजची ये-जा चालू ठेवायला हरकत नाही. पण दुरुस्ती पुढच्या तपासणीवर ढकलू नका. व्हॉल्व्ह गळत असेल तर नुकसान रोज वाढतं.
- दिवा लुकलुकतोय: हा बहुधा मिसफायर असतो, पंपाशी त्याचा संबंध नाही. गाडी बाजूला घ्या. अशी चालवत राहिलात तर कन्व्हर्टर जळू शकतो.
- गाडीची ताकद एकदम कमी झाली: टोयोटाच्या काही व्ही-८ गाड्यांत व्हॉल्व्ह उघडा अडकला की संगणक मुद्दाम ताकद कमी करतो. अशी गाडी हायवेवर नेऊ नका.
- पंप बंदच होत नाही: इंजिन गरम झाल्यावरही व्हॅक्यूम क्लीनरसारखी घरघर चालू असेल, तर बहुतेक वेळा रिलेचे पॉइंट चिकटलेले असतात. मोटर एवढा वेळ चालण्यासाठी बनवलेलीच नसते. ती तापून वितळण्याआधी फ्यूज काढा आणि दुरुस्ती लगेच करून घ्या.

पाना हातात घेण्याआधी वॉरंटी बघा

गाडीची मूळ वॉरंटी संपली म्हणजे सगळंच संपलं, असं अनेकजण धरून चालतात. उत्सर्जनाच्या भागांची वॉरंटी वेगळी असते.

- केंद्रीय नियम: उत्सर्जनाशी संबंधित भागांना २ वर्षं किंवा २४,००० मैल. कन्व्हर्टर, उत्सर्जनाचा कंट्रोल युनिट आणि ओबीडी (दोष ओळखून कोड नोंदवणारा) संगणक यांना ८ वर्षं किंवा ८०,००० मैल. पंप पहिल्या गटात येतो.
- कॅलिफोर्निया: ३ वर्षं किंवा ५०,००० मैल. कंपनीने महाग भागांच्या यादीत घातलेल्या भागांना ७ वर्षं किंवा ७०,००० मैल.
- पीझेव्ह गाड्या: ‘पार्शियल झिरो एमिशन’ म्हणून विकलेल्या गाड्यांच्या उत्सर्जन भागांना १५ वर्षं किंवा १,५०,००० मैल. बॉनेटखालच्या लेबलवर तशी नोंद असते, आणि कोणत्या राज्यांत ही वॉरंटी लागू आहे त्याची यादी वॉरंटी पुस्तिकेत मिळते.

याशिवाय एखाद्या मॉडेलमध्ये पंप वारंवार जातात असं दिसलं की कंपन्या कधीकधी वॉरंटी वाढवून देतात. गाडीचा व्हीआयएन नंबर घेऊन डीलरच्या सर्व्हिस काउंटरला विचारा: ‘या गाडीवर एअर इंजेक्शनसाठी वाढीव वॉरंटी किंवा रिकॉल आहे का?’ नुसत्या सेफ्टी रिकॉलच्या यादीवर विसंबू नका. उत्सर्जनाच्या सवलती त्यात असतीलच असं नाही.

दोष पंपातच आहे का?

१९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांत ओबीडी-२ चं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर पुरतो. ऑटोझोन, ओरायली यांसारख्या दुकानांच्या अनेक शाखांत कोड फुकट वाचून देतात. नेहमी निघणारे कोड असे:

- पी०४१०, पी०४११: हवा नीट पोहोचत नाही. कारण पंप, नळी, व्हॉल्व्ह, काहीही असू शकतं.
- पी०४१८: रिलेच्या सर्किटमध्ये दोष.
- पी०४९१, पी०४९२: इंजिनाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या बाजूला हवा कमी.
- पी२४४०, पी२४४२: व्हॉल्व्ह उघडाच अडकला.
- पी२४४४, पी२४४५: पंप चालूच राहिला किंवा सुरूच झाला नाही.

कोड दुखणं कुठल्या भागात आहे तेवढंच सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. म्हणून पुढची तपासणी याच क्रमाने करा:

1. कान द्या. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी बॉनेट उघडून कुणाला तरी इंजिन सुरू करायला सांगा. पंप घरघरला तर त्याला वीज मिळतेय आणि मोटर जिवंत आहे. मग नळ्यांकडे आणि व्हॉल्व्हकडे वळा. गरम इंजिनावर ही तपासणी व्यर्थ आहे, तेव्हा संगणक पंप लावतच नाही.
2. फ्यूज बघा. पंप सुरुवातीला ३०-४० अँपिअर ओढतो, म्हणून त्याचा फ्यूज मोठा असतो. तो उडालेला असेल तर नवा घालून मोकळे होऊ नका. आत पाणी शिरून अडकलेला पंप फ्यूज उडवतो. शिकागो, मिनेसोटाकडच्या थंडीत पंपातलं पाणी गोठूनही हेच होतं.
3. वीज मोजा. पंपाचं कनेक्टर जोडलेलंच ठेवून मागच्या बाजूने मल्टिमीटरची टोकं लावा आणि थंड इंजिन सुरू करा. बॅटरीइतका व्होल्टेज दिसतोय आणि पंप गप्प आहे, तर पंप गेला. व्होल्टेजच नाही, तर रिले आणि वायर तपासा. कनेक्टर काढून मोजलंत तर गंजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि फसवते.
4. नळी काढून आत बघा. पंपाकडून व्हॉल्व्हकडे जाणारी नळी व्हॉल्व्हच्या टोकाशी सुटी करा. आतून कोरडी आणि स्वच्छ असेल तर ठीक. हाताला काळी काजळी लागली किंवा तांबूस पाणी सांडलं, तर व्हॉल्व्ह गळतोय. इंजिनाचा धूर उलटा आला, त्यातली वाफ पंपात जमली आणि बेअरिंग गंजलं.
5. व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह तपासा. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या १.८ टर्बो गाड्यांत व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर उघडतो. हातपंपाने व्हॅक्यूम दिला की तो उघडावा आणि व्हॅक्यूम धरून ठेवावा. सोडला की घट्ट मिटावा. त्याच्याकडे जाणारी पेन्सिलीएवढी रबरी नळी वाकवून बघा. इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होऊन चिरते. पंप, व्हॉल्व्ह दोन्ही धडधाकट आणि दोष या स्वस्तातल्या नळीचा, असंही होतं.

चौथी पायरी कधीही गाळू नका. पंप मेलेला असला तरी त्याला कुणी मारलं हे तिथेच कळतं.

सुटे भाग घेताना

- व्हीआयएन नंबर आणि जुन्या पंपाच्या लेबलवरचा पार्ट नंबर, दोन्ही जुळवा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पंपांचं कनेक्टर वेगळं असू शकतं.
- डीलरच्या भागाला पर्याय म्हणून मूळ उत्पादकाचाच भाग बाजारात शोधा. अनेक युरोपीय गाड्यांत पिअरबर्गचे पंप असतात.
- नळीत काजळी किंवा पाणी निघालं असेल तर व्हॉल्व्ह आणि त्याचं गॅस्केट पंपासोबतच घ्या.
- पंप दिवसरात्र चालू राहून जळाला असेल तर रिलेही बदला.
- भंगारातून काढलेला पंप घेऊ नका. त्यात पाणी किती गेलंय हे बाहेरून कळत नाही.
- ‘आजीवन वॉरंटी’ भागापुरती असते. पुन्हा बसवायच्या मजुरीचे पैसे त्यात मिळत नाहीत.

घरी करावं की गॅरेजमध्ये?

हे तुमच्या हुशारीपेक्षा पंपाच्या जागेवर ठरतं. पंप बॉनेटखाली समोर दिसत असेल, तर सॉकेट सेट, पक्कड आणि सुटीची एक सकाळ एवढ्यात काम होतं. खालून पोहोचायचं असेल तर जॅक स्टँड लागतील. टोयोटाच्या ४.७ लिटरच्या काही व्ही-८ इंजिनांत पंप इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो. मॅनिफोल्ड उतरवायचा अनुभव नसेल तर अशी गाडी गॅरेजलाच द्या.

जागेचाही विचार करा. अनेक अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असते आणि एचओएचेही नियम असतात. आधी करार वाचा, नाहीतर गाडी अर्धी उघडलेली असताना टोइंगची चिठ्ठी यायची.

माहिती कुठे मिळेल? उत्सर्जनाच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी बाहेरच्यांनाही उपलब्ध करून द्यावी असा कायदा आहे. टोयोटाच्या टीआयएसवर किंवा फोक्सवॅगनच्या एर्विनवर थोड्या मुदतीची वर्गणी भरून तुमच्याच गाडीचं मॅन्युअल बघता येतं. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर दुरुस्तीची पुस्तकं ऑनलाइन फुकट वाचता येतात. टॉर्क रेंच, व्हॅक्यूमचा हातपंप अशी महाग हत्यारं सुट्या भागांची दुकानं अनामत ठेवून वापरायला देतात.

बदलायचं काम: पायरीपायरीने

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. व्हॉल्व्ह एक्झॉस्टलाच चिकटून असतो, हात भाजतो.
2. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
3. गाडी उचलायची असेल तर सपाट, पक्क्या जमिनीवरच. मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि वजन जॅक स्टँडवर द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.
4. काही सुटं करण्याआधी नळ्या आणि वायरी कुठून कशा जातात याचे फोटो काढा.
5. कनेक्टरची कळ दाबून तो सोडवा. वायरीला धरून ओढू नका. पिना हिरवट किंवा जळकट दिसल्या तर कनेक्टरही बदलावा लागेल.
6. नळ्यांच्या टोकांवरचे खटके दोन्ही बाजूंनी दाबून नळी सरळ ओढा. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं. अडलं तर पिरगाळू नका, थोडं कोमट करा.
7. पंप साधारण तीन नट-बोल्टवर, रबरी बुशांवर बसलेला असतो. गंजलेल्या बोल्टवर भेदक तेल मारून थांबा. जोर लावला की बोल्ट तुटतो आणि सकाळचं काम रात्रीवर जातं.
8. काढलेला पंप हलवून बघा. आत पाणी डचमळलं किंवा तोंडातून गंजाचा चुरा पडला, तर व्हॉल्व्हवरचा संशय पक्का.
9. व्हॉल्व्ह बदलत असाल तर बसायची जागा हलक्या हाताने खरवडून साफ करा. काजळी एक्झॉस्टच्या भोकात पडू देऊ नका. गॅस्केट नवंच घाला.
10. नळ्या आतून पुसून पूर्ण कोरड्या करा. काजळी भरलेली नळी नव्या पंपाला जोडू नका.
11. नवा पंप बसवताना बोल्ट आधी हाताने फिरवा, आटे नीट लागले की मगच पाना लावा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळू नका. बुश दबले की पंपाचा थरकाप सगळ्या गाडीत जाणवतो.
12. कनेक्टर, नळ्या, शेवटी बॅटरी. उरलेला एखादा वायसर किंवा क्लिप खिशात टाकू नका, तो कुठला हे फोटोत शोधा.

जुना पंप टाकून देण्याआधी पावतीवर ‘कोअर’ची अनामत आहे का बघा. असेल तर जुना भाग परत देऊन पैसे घ्या.

दिवा गेला म्हणजे तपासणीला धावू नका

भारतातल्या पीयूसीची सवय इथे आडवी येते. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. इथे १९९६ नंतरच्या बहुतेक गाड्यांची तपासणी गाडीचा संगणक वाचून होते. कोड पुसला की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही, म्हणजे ‘मॉनिटर’, कोऱ्या होतात. तशीच गाडी नेलीत तर ‘तयार नाही’ म्हणून परत पाठवतात.

- कॅलिफोर्नियात २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त ईव्हॅपचा (पेट्रोलच्या वाफा अडवणाऱ्या यंत्रणेचा) मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. न्यू जर्सीत २००१ आणि नंतरच्या गाडीला एक अपूर्ण चालतो.
- एअर पंपाची चाचणी थंड इंजिनावरच होते. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या, मग शहरात आणि हायवेवर मिळून नेहमीसारखी चालवा. हे काही दिवस करा.
- मॉनिटर पूर्ण झाले का हे स्वतःच्याच स्कॅनरवर बघा.
- कॅलिफोर्नियात २०१० आणि नंतरच्या गाड्यांत ‘कायमचा कोड’ही तपासतात. तो स्कॅनरने पुसला जात नाही. दुरुस्ती खरी झाली आहे याची खात्री पटल्यावर संगणक तो स्वतः काढतो. कोड पुसल्यानंतर इंजिन १५ वेळा थंडापासून तापलं आणि २०० मैल झाले, तर मात्र त्या कोडवरून नापास करत नाहीत.
- कोड न पुसता दुरुस्ती केली असेल, तर चाचणी लागोपाठ तीन फेऱ्यांत पास झाल्यावर दिवा आपोआप जातो.

यासाठी स्मॉग चेकच्या तारखेआधी किमान तीन-चार आठवडे हातात ठेवा.

काढून टाकला तर काय होईल?

बाजारात व्हॉल्व्हच्या जागी बसवायच्या पट्ट्या आणि संगणकाला चकवणारे बायपास किट मिळतात. घेऊ नका. उत्सर्जनाची यंत्रणा काढणं किंवा निकामी करणं ‘क्लीन एअर अॅक्ट’खाली बेकायदा आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून हे गॅरेजवाल्यांबरोबर गाडीच्या मालकालाही लागू आहे. फ्लोरिडात किंवा मिशिगनमध्ये उत्सर्जन तपासणी होत नाही, वॉशिंग्टन राज्याने ती २०२० पासून बंद केली. पण तपासणी नाही म्हणून केंद्रीय कायदा सुटत नाही. कॅलिफोर्नियात तर स्मॉग चेकमध्ये बॉनेट उघडून डोळ्यांनीही बघतात. लेबलवर ‘एआयआर’ आहे आणि पंप नाही, म्हणजे नापास.

गॅरेजला देताना तुमचे हक्क

- स्वतः केलेल्या देखभालीने वॉरंटी जात नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार तुम्ही स्वतः काम केलं किंवा बाजारातला भाग वापरला एवढ्या कारणावरून कंपनी हात झटकू शकत नाही. बिघाड त्यामुळेच झाला हे तिने दाखवायला हवं. म्हणून पावत्या, फोटो आणि त्या दिवशीचे मैल लिहून ठेवा.
- वॉरंटीचा नकार लेखी मागा. काउंटरवरचं तोंडी ‘नाही’ पुढे तक्रारीला उपयोगी पडत नाही.
- अंदाजपत्रक आधी. कॅलिफोर्नियात कामाआधी लेखी अंदाज देणं गॅरेजला बंधनकारक आहे. त्याहून जास्त खर्च तुमच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. इतर राज्यांचे नियम वेगळे, पण लेखी अंदाज सगळीकडे मागा.
- जुने भाग परत मागा. कॅलिफोर्नियात काम देतानाच सांगितलंत तर ते तुम्हाला मिळतात. वॉरंटीचे किंवा अदलाबदलीचे भाग याला अपवाद. पंप खरंच बदलला का आणि आत पाणी होतं का, दोन्ही तुम्हाला बघता येईल.
- आर्थिक मदत. कॅलिफोर्नियात स्मॉग चेकमध्ये नापास झालेल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना मदत देतं. अर्ज दुरुस्तीच्या आधी करायचा असतो.

गॅरेजवाल्याला विचारायचा प्रश्न एकच पुरे: ‘व्हॉल्व्ह गळत नाही हे तुम्ही कसं तपासलंत?’ त्याने नळी काढून दाखवली किंवा व्हॅक्यूम देऊन बघितल्याचं सांगितलं, तर काम त्याला द्या. ‘कोड पंपाचा आलाय, पंप बदलू’ एवढंच उत्तर मिळालं, तर गाडी दुसरीकडे न्या.